दम कुणाचा?

(खेळ पाहण्यातल्या थराराविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना)

भिवंडी तालुक्यातल्या एका गावात झालेली कबड्डीची एक अंतिम लढत मला अजून लख्ख आठवते. तिची शेवटची चढाई मात्र मी पाहिलेली नाही. कुणीच पाहिलेली नाही.

भारनियमनाचे दिवस होते. भाताची कापणी उरकल्यावर शेताचा एक तुकडा चोपून, पाणी मारून मैदान केलं होतं. चार बांबूंवर हॅलोजन, डीपीवरून ओढलेली वायर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींवर, पेंढ्याच्या उडवीवर, शेजारच्या अर्धवट बांधलेल्या गाळ्याच्या स्लॅबवर माणसंच माणसं. सामन्यात एका गुणाचं अंतर उरलं होतं. पाहुण्या संघाचा गडी मध्यरेषा ओलांडून आत शिरला आणि दिवे गेले. एवढी माणसं एकदम गप्प झाली. काळोखात एकच आवाज चालू होता: कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मग मातीवर अंगं आपटल्याचा, घासल्याचा आवाज. त्या ढिगाऱ्याखालून आणखी दोनदा ‘कबड्डी’ ऐकू आली, बारीक होत गेलेली. मग काहीच नाही.

दिवे आले तेव्हा चार जण त्याच्या अंगावर होते आणि त्याची बोटं मध्यरेषेला टेकलेली होती. दम असताना टेकली की दम सुटल्यावर, हे कोण सांगणार? थोडी बाचाबाची झाली आणि पंचांनी चढाई पुन्हा घ्यायला लावली. लख्ख उजेडातली ती दुसरी चढाई रिकामी गेली, सामना संपला, चषक दिला गेला. ती कुणाला आठवत नाही. घरी परतताना ट्रॉलीत जो तो बोलत होता तो काळोखातल्या चढाईबद्दल.

काही खेळ पाहताना माणूस जागचा हलत नाही, तर काही खेळ पाहताना पाच मिनिटांत त्याचा हात मोबाइलकडे जातो, असं का होतं? या संग्रहाचा विषय हा आहे. प्रश्न पारावरचा वाटतो, पण सहज मिळणारी उत्तरं एकेक करून पडतात. ‘वेग असला की थरार’ म्हणावं, तर काळोखातल्या त्या चढाईत वेग दिसतच नव्हता. ‘कौशल्य दिसलं की थरार’ म्हणावं, तर तिथे काहीच दिसत नव्हतं. दिसत नसूनही आम्हाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: निकाल अजून लागलेला नाही, आणि तो त्या एका श्वासावर लागणार आहे. माझ्या मते थराराचं मूळ इथे आहे. निकाल लांबला पाहिजे, आणि तो कशावर लांबलाय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. यातली एक गोष्ट नसली तर दुसरी एकटी पुरत नाही.

सुरुवातीलाच तीन शब्द वेगळे करून ठेवतो: नवल, देखणेपण आणि थरार. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. जानेवारी २०१६ मध्ये खाडीपलीकडच्या कल्याणात प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या मुलांचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. जगभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. हे नवल झालं. पण सामना म्हणून त्यात पहिल्या तासानंतर कसली उत्सुकता उरली असेल? आकडा कुठवर जातो, एवढीच. देखणेपणाचंही तसंच. दोरीच्या मल्लखांबावर मुलीचं शरीर थबकतं तेव्हा डोळे निवतात, पण ती कुणाला हरवायला निघालेली नसते. नवल आणि देखणेपण दोन्ही हवीतच. थरार ही तिसरी चीज आहे, आणि हे पुस्तक तिच्या मागावर आहे.

हा प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही. नव्या वाचकाला वाट सापडावी म्हणून आधीच्या विचारांच्या चार-पाच पायवाटा दाखवतो.

पहिली वाट संस्कृतीच्या अभ्यासकांची. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये माणसाची व्याख्याच खेळणारा प्राणी अशी केली. खेळाच्या गाभ्याशी ताण असतो, ‘जमेल की नाही’ ही टांगती अवस्था असते, हे त्यांनी ओळखलं होतं. वीस वर्षांनी फ्रान्सच्या रॉजे काय्वा यांनी खेळांचे चार प्रकार पाडले: झुंज, नशीब, सोंग आणि भोवळ. आपल्याकडे ही वाटणी झटकन लागू पडते. कुस्ती ही झुंज, नाणेफेक हे नशीब, बोहाड्यातला मुखवटा हे सोंग आणि दहीहंडीचा वरचा थर ही भोवळ. फार रंगणाऱ्या खेळात यातले दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात, हे लक्षात आलं की बरंच काही उलगडतं.

दुसरी वाट समाजशास्त्राची. नॉर्बर्ट एलियास आणि एरिक डनिंग यांचे या विषयावरचे लेख १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आधुनिक माणसाला रोजच्या व्यवहारात राग, भीती, उन्माद आवरून धरावा लागतो. खेळ त्याला हे सगळं एका आखलेल्या चौकटीत मोकळं करू देतो. त्यासाठी खेळातला ताण नेमका बसावा लागतो. फार लवकर सुटला तर मजा नाही, आणि सुटलाच नाही तर कंटाळा. खेळांच्या नियमांचा इतिहास म्हणजे हा ताण जुळवत राहण्याचा इतिहास, असं त्यांच्या आधाराने म्हणता येतं.

तिसरी वाट अर्थशास्त्रज्ञांची. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलबद्दल लिहिताना मांडलं, की निकालाची अनिश्चितता हाच या धंद्यातला खरा माल आहे. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये त्यातली गंमत दाखवली. दुकानदाराला शेजारचं दुकान बंद पडलेलं चालतं, मुष्टियोद्ध्याला मात्र तोडीचा प्रतिस्पर्धी लागतोच, नाहीतर तिकीट कोण काढणार? पुढच्या अभ्यासांनी या सिद्धांताला बऱ्याच मुरडी घातल्या, कारण घरच्या प्रेक्षकाला चुरस हवी असली तरी त्याहून जास्त आपला विजय हवा असतो. अलीकडे, २०१५ मध्ये, जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमीर कामेनिका यांनी उत्कंठा आणि धक्का यांच्यात एक कामाचा फरक केला. पुढच्या क्षणी चित्र पालटू शकतं हे आधी माहीत असणं ही उत्कंठा. ते पालटल्यावर ‘अरे!’ होणं हा धक्का. फुटबॉलमध्ये गोल कमी, म्हणून प्रत्येक गोल धक्का देतो. कबड्डीत अर्ध्या अर्ध्या मिनिटाला उत्कंठा नव्याने भरली जाते.

चौथी वाट मानसशास्त्राची. डॉल्फ झिलमन यांच्या मांडणीनुसार बघणाऱ्याचा आनंद तो कुणाच्या बाजूने आहे यावर ठरतो. आपला कोण आणि परका कोण हे ठरल्याशिवाय रंग चढत नाही. पाचवी वाट रसिकांची. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांनी १९६३ च्या ‘बियाँड अ बाउंड्री’मध्ये क्रिकेटला नाटकाच्या पंगतीत बसवलं. त्याआधी १९५७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी पॅरिसमधल्या नाटकी कुस्त्यांबद्दल लिहिताना उलट टोक दाखवलं. निकाल ठरलेला आहे हे ठाऊक असूनही माणसं तिथे जातात, कारण त्यांना दुष्टाची फजिती डोळ्यांनी बघायची असते.

मराठीत काय आहे? बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशासारखं प्रचंड काम आहे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरच्या समालोचनातून क्रिकेटला मराठी बोली दिली. वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्रात खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि कबड्डी-खोखोकडे तितक्याच गांभीर्याने पाहिलं. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटवेड घराघरात नेलं. या साऱ्यांचं ऋण मोठं आहे. पण आपलं बहुतेक लेखन खेळाडूभोवती, विक्रमांभोवती आणि आठवणींभोवती फिरलं. मैदानाच्या दोरीबाहेर उभा असलेला माणूस नक्की काय बघतो आणि का बघतो, याकडे कमी लक्ष गेलं. ही जागा थोडी भरावी, इतकाच या संग्रहाचा हेतू आहे.

आणि त्यासाठी भिवंडीहून चांगली जागा मला माहीत नाही. हे गाव यंत्रमागांचं. आजूबाजूला आगरी-कोळ्यांची गावं, शहरात कोकणी मुसलमान, उत्तरेतून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलुगू बोलणारे पद्मशाली, आणि आता काल्हेर, दापोडे, वळच्या पट्ट्यात गोदामांवर काम करणारी देशभरची पोरं. प्रत्येकाने आपापला खेळ बरोबर आणलेला आहे. एका संध्याकाळी चार किलोमीटरच्या फेरीत टेनिस चेंडूचं क्रिकेट, बल्बखालचा कॅरम, व्हॉलीबॉल आणि कबड्डी अशी चारही मैदानं बघायला मिळतात. तुलना करायला घर सोडावं लागत नाही.

कबड्डीपासून सुरुवात करू, कारण आपल्या प्रश्नाची प्रयोगशाळाच ती आहे. हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचेच, नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुण्या-बडोद्याकडे लिहिले जाऊ लागले. तेव्हा खेळाच्या तीन तऱ्हा प्रचारात होत्या. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजले जायचे. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला गडी सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच. ‘संजीवनी’मध्ये समोरचा एक गडी बाद केला की आपला एक जिवंत होऊन परत यायचा. बघणाऱ्याच्या जागी बसून या तिन्ही तऱ्हा तोलून पाहा. अमरमध्ये मैदान नेहमीच भरलेलं, त्यामुळे कोण अडचणीत आहे ते डोळ्यांना दिसत नाही, फळ्यावरचा आकडा वाचावा लागतो. गामिनीमध्ये अडचण दिसते, पण परतीची वाट नसते, आणि उरलेला एकटा गडी म्हणजे लांबवलेला पराभव. संजीवनीत दोन्ही आहे. सातातले दोन उरले की लहान मूलही सांगतं, आता लोण चढणार, म्हणजे सगळा संघ बाद होणार. पण त्या दोघांनी एक पकड केली की तिसरा धावत आत येतो आणि सगळी गणितं हलतात. शेवटी टिकली ती संजीवनी. संकट डोळ्यांना दिसावं आणि सुटकेची फट उघडी राहावी, ही समज कुठल्याही सिद्धांताआधी आपल्या मातीत होती.

दुसरी समज दमाची. चढाईपटूने एका श्वासात ‘कबड्डी’ म्हणत राहायचं, ही घड्याळाशिवायची वेळ आहे. किती दम उरलाय हे फक्त त्याला ठाऊक, आणि कान देऊन ऐकलं तर कोपरारक्षकाला. जाणता प्रेक्षक पायांपेक्षा आवाजाकडे लक्ष ठेवायचा. आवाज चिरकला की म्हणायचा, “आता परततो बघ.” ताण खेळाडूच्या छातीत असायचा आणि तिथून आपल्या छातीत यायचा.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा ताण पडद्यावर आला. चढाईला ३० सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड केली तर जादा गुण, म्हणजे दुबळ्या बाजूला मुद्दाम उघडून दिलेली खिडकी. मातीच्या जागी मॅट, अंगावर प्रकाशझोत, आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. जो ताण ऐकायला कान तयार करावे लागत होते, तो आता कुणालाही वाचता येऊ लागला. खेळ घराघरांत गेला, पोरांना पैसा मिळाला, हे चांगलंच झालं. त्याची किंमतही मोजावी लागली. वेळ काढत, बचावाला खेळवत, दमाच्या टोकापर्यंत केलेली लांब चढाई गेली. आपण काय मिळवलं आणि काय सोडलं, याचा हिशेब या पुस्तकात अनेक ठिकाणी येईल. एका वाक्यात तो मिटणारा नाही.

हे घड्याळ एकट्या कबड्डीच्या नशिबी आलेलं नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत बास्केटबॉलचा एक व्यावसायिक सामना १९-१८ असा संपला, कारण एका संघाने चेंडू नुसता हातात ठेवून वेळ काढला. चार वर्षांत तिथे २४ सेकंदांचं घड्याळ आलं. फुटबॉलमध्ये १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला. टेबल टेनिसचा डाव २००१ मध्ये २१ वरून ११ गुणांवर आला. यातल्या बहुतेक दुरुस्त्यांमागे एकच ओळखीचा खलनायक आहे: न हरण्यासाठी खेळणारा माणूस.

त्याची सर्वांत बोलकी गोष्ट कुस्तीत सापडते. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को खाली बसला, आडवा झाला आणि अडीच तासांहून जास्त वेळ तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. १९२८ मध्ये पतियाळात तेच दोघे पुन्हा भिडले आणि मिनिटभराच्या आत गामाने त्याला अस्मान दाखवलं. पहिलवान तेच. लंडनला एकाने निकाल लागूच दिला नाही. निकाल लांबणं आणि निकाल अडवून धरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात प्रेक्षक पुढे सरकतो, दुसऱ्यात घड्याळ बघतो.

आपल्या मैदानी कुस्तीत म्हणूनच ‘निकाली’ या शब्दाला वजन आहे. कोल्हापूरच्या खासबागेत, जे मैदान शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभं राहिलं, चारी बाजूंच्या उतारावर बसलेल्या माणसाला एकच खूण पुरते: दोन्ही खांदे मातीला लागले, चितपट. मॅटवरच्या गुणांच्या कुस्तीत ढिम्म बसणाऱ्याला ३० सेकंदांत गुण मिळवण्याची ताकीद मिळते, त्यामुळे हालचाल वाढली. पण गुण कुणाला आणि किती मिळाले, हे उतारावरच्या माणसाला दिसत नाही. महाराष्ट्र केसरीच्या अलीकडच्या स्पर्धांत पंचांच्या निर्णयांवरून वाद पेटले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही आहे असं मला वाटतं. निकाल डोळ्यांसमोर न लागता कागदावर लागला की संशयाला जागा होते.

बैलांच्या शर्यतींत हाच मुद्दा वेगळ्या अंगाने दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा सुटतो, आणि लढत असते घड्याळाशी. गाडा रेषा ओलांडतो आणि भोंग्यावरून सेकंद सांगितले जाईपर्यंत सगळा घाट कान टवकारून थांबतो. आमच्याकडे ठाणे-रायगडच्या पट्ट्यात बिनजोड शर्यत चालते. दोन जोड्या एकमेकींच्या अंगाला लागून सुटतात आणि कोण पुढे ते उघड्या डोळ्यांना दिसतं. एकीकडे कानांचा थरार, दुसरीकडे डोळ्यांचा, आणि दोन्हीकडची माणसं दुसऱ्याच्या शर्यतीला अळणी म्हणतात. २०१४ च्या बंदीनंतर या शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या खटल्याने विचारलेला प्रश्न या विषयाला कायमचा चिकटलेला आहे: आपल्या रोमांचासाठी दुसऱ्या जिवाने किती सोसावं? दहीहंडीला २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा मिळाला. वरचे थर चढताना खाली उभ्या गर्दीच्या मनात काय चाललेलं असतं, हे प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. थर लागावेत असं वाटत असतंच. पण कोसळतील की काय, ही धास्ती काढून घेतली तर किती जण थांबतील?

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे खेळ छोटा करा, घड्याळ लावा, धोका वाढवा, झालं. तर ११ जानेवारी २०२१ चा सिडनीतला दिवस आठवा. भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा पाचवा दिवस, मांडीचा स्नायू दुखावलेला हनुमा विहारी आणि पाठ धरलेला अश्विन. दोघांनी ४० हून जास्त षटकं खेळून काढली आणि ६२ धावा जोडल्या. विहारीच्या १६१ चेंडूंत २३ धावा होत्या. कुणी जिंकलं नाही. भिवंडीतल्या एका चहाच्या टपरीवर त्या सकाळी मी माणसांना उकळलेला चहा विसरताना पाहिलं. इथे तर दोघे न हरण्यासाठीच खेळत होते! मग झिबिस्कोचा कंटाळा आणि यांचा रोमांच, हा फरक कुठून आला? प्रत्येक चेंडू जोडी फोडू शकत होता, म्हणून. झिबिस्कोने धोका मिटवून टाकला होता, हे दोघे धोक्यासमोर उभे होते. थराराला वेगाची अट नाही. पुढच्या चेंडूला काहीतरी पणाला लागलेलं असावं आणि बघणाऱ्याला ते माहीत असावं, एवढंच लागतं.

‘माहीत असावं’ हे शब्द मी सारखे वापरतोय, त्यांचा अर्थ आमच्या कारखान्यात मला कळला. यंत्रमागाच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला की त्याला फक्त खडखडाट ऐकू येतो. धोटा इकडून तिकडे इतका झरझर जातो की डोळा त्याच्यामागे धावूच शकत नाही. माग चालवणारा कामगार त्याच्याकडे बघतही नाही. तो पाठमोरा उभा राहून तंबाखू मळत असतो. पण कांडी संपून एक माग थांबला, तर त्या साऱ्या गोंगाटातली ती एक फट त्याच्या कानाला लागते आणि मान आपोआप वळते. खेळाचा जाणता प्रेक्षक असाच तयार होतो. कॅरमच्या फळीभोवती दहा जणांची गर्दी असते, पण राणी कुठल्या कोनातून जाईल हे स्ट्रायकर मारणाऱ्याच्या खांद्यामागे उभा असलेला म्हातारा आधीच ओळखून हसतो. खोखोत पळणारा मुलगा खांबाकडे वळला की नवखा बघतो त्याचा वेग. जाणता बघतो, पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही आणि आता कुणाला ‘खो’ मिळेल. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला खोखो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तेव्हा कितीतरी शहरी प्रेक्षकांनी हा खेळ पहिल्यांदा नीट वाचला आणि ‘अरे, हे तर बुद्धिबळ आहे’ म्हणाले. शाळेत त्यांनी तो खेळला होता, पण त्यात काय बघायचं हे कुणी दाखवलं नव्हतं.

जाणतेपणाच्या जोडीला लागतो जिव्हाळा. गावकीच्या टेनिस क्रिकेट स्पर्धेत चार-सहा षटकांचे डाव असतात, बक्षिसाला मोटारसायकल असते आणि आता यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही असतं. आखातात कामाला गेलेला पोरगा रात्रपाळीत गावाचा सामना फोनवर बघतो. तिऱ्हाइताला तो खेळ सामान्य वाटेल. पण गोलंदाज त्याच्या शेजारच्या घरातला आहे. थरार तिथून येतो. उलट बाजूही आहे: आपलाच संघ सतत जिंकत राहिला की हा जिव्हाळाही सुस्तावतो. १९९० पासून आशियाई स्पर्धांत कबड्डीचं सुवर्ण भारताचंच, असं आपण गृहीत धरलं होतं. २०१८ मध्ये जाकार्तात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवलं. वाईट वाटलं खरं, पण त्यानंतरची प्रत्येक भारत-इराण लढत माणसं खुर्चीच्या कडेवर बसून बघू लागली.

मग आज हा विषय का? तीन कारणं सांगतो. एक, खेळ आता तुकड्यांत पोचतो. तीस सेकंदांच्या रीलमध्ये षटकार दिसतो, पण त्याआधीची चार निर्धाव षटकं गळतात, म्हणजे धक्का उरतो आणि उत्कंठा जाते. दोन, थरार हा विकायचा माल झाला आणि त्यावर पैसे लावणं खिशातल्या फोनवर आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तोवर कितीतरी घरांनी या विकतच्या धडधडीची किंमत मोजली होती. ज्याला खेळ वाचता येतो त्याला ताण विकत घ्यावा लागत नाही, असं माझं मत आहे. तीन, बघायच्या जागाच कमी होताहेत. ज्या शेतात ती काळोखातली चढाई झाली, तिथे आज निळ्या पत्र्याचं गोदाम आहे. टर्फवर तासाचे पैसे भरून खेळता येतं, पण जाळीबाहेर उभं राहून फुकट बघणाऱ्याला तिथे जागा नसते. प्रेक्षक मैदानाच्या कडेला घडतो. कडाच गेली तर तो कुठे घडणार?

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या हातांचे आणि वेगवेगळ्या मतांचे आहेत. कुणी खेळलेलं आहे, कुणी पंच म्हणून उभं राहिलेलं, कुणी आयुष्यभर फक्त बघितलेलं. त्यांनी एकमेकांशी सहमत व्हावं असा आग्रह धरलेला नाही. मातीचा आणि मॅटचा वाद इथे मिटलेला नाही, आणि कसोटी की वीस षटकं याचाही निवाडा नाही. ‘सर्वांत थरारक खेळ कोणता’ याची क्रमवारी शोधणाऱ्याची निराशा होईल. प्रत्येक लेखकाला आम्ही एकच विनंती केली होती: एक खेळ घ्या, त्यातला एकच क्षण घ्या, आणि त्या क्षणी बघणाऱ्याला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं ते सांगा. त्यामुळे काही लेख अर्ध्या मिनिटाबद्दल दहा पानं बोलतात. ते अवघड वाटले तर पुढे जा, पण मागे या.

उणिवाही सांगायला हव्यात. बायकांच्या बघण्याबद्दल इथे हवं तेवढं आलेलं नाही. गावच्या कबड्डीला गच्चीवर बायकांची गर्दी असते आणि त्यांची शेरेबाजी मैदानातल्या समालोचकापेक्षा धारदार असते, पण ती लिहून काढणारे हात आम्हाला पुरेसे मिळाले नाहीत. पाण्यातले, बर्फावरचे खेळ नाहीत, कारण ते आम्ही फक्त पडद्यावर पाहिले आहेत. ज्या मैदानाची धूळ नाकात गेलेली नाही त्याबद्दल लिहायचं नाही, एवढं पथ्य आम्ही पाळलं.

मध्यंतरी मी तालुक्यातलीच एक स्पर्धा बघायला गेलो होतो. मॅट होती, एलईडीचा फळा होता, डीजे होता. चढाई सुरू झाली की ३० चे आकडे लाल होत उतरायचे आणि पब्लिक आकड्यांबरोबर ओरडायचं. त्या गोंगाटात चढाईपटूचा ‘कबड्डी’ कुणालाही ऐकू येत नव्हता. फक्त पंच अंगाने वाकून, कान त्याच्या दिशेला करून, त्याच्याबरोबर कडेकडेने सरकत होते. दम चालू आहे की सुटला हे अजूनही त्यांना ऐकून ठरवावं लागतं, तो नियम अजून गेलेला नाही. सामना संपेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

वाचकाला एवढंच सुचवतो. हे पुस्तक पुरं होण्याआधी एकदा जवळच्या मैदानावर जा, दोरीला चिकटून उभे राहा, आणि चढाईपटू आत शिरला की आकड्यावरची नजर काढून कान लावा. ऐकता ऐकता तुमचाच श्वास अडकला, तर पुढची पानं तुम्हाला जड जाणार नाहीत.

भिवंडी